महाराज यायला दहा मिनिटं

प्रतिमाताईंकडे लपवून ठेवावं असं काही नव्हतंच. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, गुरुवारी उपास, चतुर्थीला चंद्र बघून जेवण आणि रोज दुपारी बारा वाजता महाराजांच्या देवळातली नैवेद्याची आरती. ती झाल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा नाही. हे सगळं गावाला तोंडपाठ. शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागल्याला एकोणीस वर्षं झाली, पण त्यांच्या टेबलाच्या खणाला कधी कुलूप नव्हतं. म्हणून त्या सोमवारी संगणक शिकवणाऱ्या गवई सरांनी त्यांच्याकडून ऑफिसच्या मशीनला पासवर्ड टाकून घेतला, तेव्हा ताईंच्या बोटांना चक्क घाम सुटला.

"मी तोंड फिरवतो," गवई सर म्हणाले. "तुम्ही टाका. मले सांगू नका, वहीत लिहू नका, कोणालेच सांगू नका."

"घरी पण नाही?"

"देवालेही नाही."

ताई हळूच हसल्या. देवाला काय सांगायचं, त्याला ठाऊकच असणार. त्यांनी एकेक अक्षर दाबलं, पडद्यावर काळे ठिपके उमटत गेले, आणि छातीत अशी काही धडधड झाली की लग्नाच्या दिवशी झाली नसेल.

कारण तसंच होतं. अमडापूरकडच्या अकरा शाळांची सामान्यज्ञान परीक्षा दरवर्षी चिखलीला व्हायची. पहाटे पाचला टेम्पोत बसवून पोरं न्यायची, म्हणून निम्म्या घरांतून मुलींना पाठवतच नसत. मागच्या वर्षी सगळ्या मिळून एकतीस मुली बसल्या. मुख्याध्यापक उद्धव सरांनी वर्षभर अर्ज-विनंत्या करून यंदा पहिल्यांदा हे केंद्र आपल्या शाळेत आणलं होतं. अट एकच. पेपर फुटला असं कोणी एकदा जरी म्हटलं, तर परीक्षा परत चिखलीला. पन्नास प्रश्न उद्धव सरांनी स्वतः काढले आणि ते कागद प्रतिमाताईंच्या हातात दिले. "टाईप तुम्ही करा. दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडता कामा नयेत," एवढंच म्हणाले.

ऑफिसच्या खोलीला कुलूप लावायची सोय नव्हती. हजेरीचा मस्टर तिथं, चहाची शेगडी तिथं, पालक येऊन बसतात तो बाकही तिथंच. फाईल बंद करून जावं, तर एकदा तसं केल्यावर उघडताना सगळ्या मराठी अक्षरांच्या चौकोनी पेट्या झाल्या होत्या. तेव्हापासून ताई काम संपेपर्यंत फाईल मिटत नसत. मग रोज आरतीला जाताना करायचं काय? त्यावर गवई सरांनी हा उपाय काढला. मशीनला कोणी हात लावला नाही की थोड्या वेळानं स्क्रीन सेव्हर येणार, पडद्यावर चित्र झळकणार, खालची फाईल झाकली जाणार. मग कोणी माउस हलवला की मशीन आधी पासवर्ड मागणार.

"चित्र कोणतं लावू?" सरांनी विचारलं.

ताईंनी पर्समधून मोबाईल काढला. शेगावहून आणलेल्या तसबिरीचा फोटो त्यात होता.

"लावतो की," गवई सर म्हणाले. "चित्र कोणतंही चालते ताई. राखण पासवर्ड करते, चित्र नाही करत. ही खूण मात्र काढायची नाही." त्यांनी छोट्या चौकोनातली बरोबरची खूण दाखवली आणि वेळ एक मिनिटाची ठेवली.

एक मिनिट काही जमेना. उद्धव सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. 'धरण' आहे का 'धोरण' हे लावेपर्यंत पडद्यावर महाराज हजर. ताई हात जोडणार, मनात क्षमा मागणार, मगच माउस हलवणार, मग पासवर्ड. तासाभरात असं सतरा वेळा झालं. शेवटी त्या गवई सरांना म्हणाल्या, "सर, महाराजांना असं दर मिनिटाला उठवणं बरं दिसत नाही."

सरांनी हसत वेळ वाढवून दहा मिनिटं करून दिली.

मंगळवारी ताई आरतीहून परतल्या तर महाराज पडद्यावर शांत बसलेले. माउस हलवला, पासवर्ड मागितला. ताईंनी टाकला, फाईल जशीच्या तशी. त्या दिवशी घरी जाताना त्यांची चालच बदलली होती. गावातल्या किती बायकांकडे असं गुपित असेल, की कुणी मशीन पुढ्यात ठेवलं तरी उघडता येणार नाही?

बुधवारी कीबोर्डाशेजारी झेंडूचं फूल दिसलं. गुरुवारी माउसच्या चटईवर चार साखरफुटाणे. ताईंना फार बरं वाटलं. गोविंदा शिपायाचं हे काम, हे त्यांनी ओळखलं. गोविंदा साधा माणूस, शाळेची घंटा वाजवताना पण आधी तिला हात लावून कपाळाला लावणारा.

"गोविंदा, फूल ठेव, पण पाणी नको सांडू तिथं."

"नाही ताई. पाणी काऊन सांडू? लांबूनच दर्शन घेतो आम्ही."

'आम्ही' या शब्दाकडे ताईंचं लक्ष गेलं नाही. त्यांचं मन एकेचाळिसाव्या प्रश्नावर होतं.

शुक्रवारी साडेअकराला पन्नासावा प्रश्न टाईप झाला. शनिवारी सकाळी आठला परीक्षा. आता शेवटचा हात फिरवायचा, आणि चार वाजता गावाची लाईट जायच्या आत अडीचशे प्रती काढायच्या. शुक्रवारी चार ते आठ लाईट नसते, आणि आठला येते म्हणतात ती कधी येईल हे लाईनमनलाही सांगता येत नाही. ताईंनी पाण्याच्या भांड्यावर झाकण घातलं आणि बाराला दहा कमी असताना देवळाकडे निघाल्या.

आरती छान झाली. गोविंदा जरा उशिरानं, धापा टाकतच आला. आरती संपल्यावर तो शेजारच्या हरिओमला, शाळेच्या प्रयोगशाळेच्या परिचराला, दबक्या आवाजात बोलला, पण देवळात दबका आवाज जास्तच ऐकू येतो.

"तुह्यापायी उशीर झाला बे. माउसले हात लावाले कोणं सांगतलं होतं? महाराज यायले दहा मिनिटं लागतात. हात लावला की पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटं."

"मले वाटलं लवकर येतील."

"असे लवकर येतात काय? आम्ही रोज गुपचाप बसतो ना. ताई गेली की बाकावर जाऊन बसायचं. हात जोडायचे. बोलायचं नाही, हलायचं नाही. बरोबर दहा मिनिटांनी दर्शन."

प्रतिमाताईंच्या हातातला प्रसादाचा द्रोण तसाच राहिला.

"गोविंदा," त्या म्हणाल्या, "रोज किती जण बसता बाकावर?"

"आज सात होतो ताई. काल पाच. माही भाची स्वरदा येते, नववीतली, अन तिच्या मैत्रिणी येतात. परीक्षेच्या आधी दर्शन घेतो म्हणतात पोरी."

"आणि महाराज येईपर्यंत पडद्यावर काय असतं?"

"ते तुमचं टाईप केलेलं असते ना. आम्ही काही त्याले हात लावत नाही." गोविंदा भाबडेपणानं हसला. "समोरच असते तर नजर जाते. काल रात्री जेवताना स्वरदेले इचारलं, नळगंगा धरण कोणत्या तालुक्यात हाय. तिले नाही आलं. मले येत होतं. मोताळा."

तो सदतिसावा प्रश्न होता.

एकोणीस वर्षांत प्रतिमाताईंना पळताना कोणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी देवळापासून शाळेपर्यंत पाहिलं. द्रोण पायरीवरच राहिला, चप्पल एक घातली का दोन हेही कळलं नाही. ऑफिसात आल्या तर महाराज पडद्यावर होतेच. ताईंनी पासवर्ड टाकून फाईल उघडली, आणि मग एरवी कधी केलं नसतं ते केलं. स्वतःच्या खुर्चीत न बसता समोरच्या बाकावर जाऊन बसल्या.

पडद्याचं तोंड बाकाकडेच होतं. वायर आखूड, म्हणून मशीन तसंच ठेवावं लागे. डोळ्यांना त्रास नको म्हणून ताईंनी अक्षरही मोठं घेतलेलं. बाकावरून एकेक शब्द स्वच्छ दिसत होता. प्रश्न एकेचाळीस. प्रश्न बेचाळीस. खाली त्रेचाळीसचा अर्धा. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. तीन मिनिटं झाली. पाच झाली. बेचाळिसावा प्रश्न पाठ झाला. सात. आठ. त्यांना वाटलं होतं, आपण उठलो की कुलूप लागतं. कुलूप लागत होतं दहा मिनिटांनी, आणि त्या उघड्या दहा मिनिटांत माणसांना बाकावर आणून बसवायचं काम त्यांच्याच तसबिरीनं केलं होतं. साधी रंगीत रेघ नाचत असती तर त्या खोलीत कोण कशाला येऊन बसलं असतं?

दहाव्या मिनिटाला महाराज आले. ताईंनी आज हात जोडले नाहीत. तशाच उठल्या आणि आठवीच्या वर्गावरून गवई सरांना बाहेर बोलावलं.

सगळं ऐकून गवई सरांनी कपाळाला हात लावला. "चूक माही आहे ताई. निघताना स्वतः कुलूप लावायचं असते हे मी तुम्हाले शिकवलंच नाही."

"चूक कोणाची ते मग बघू. आता काय करायचं?"

"कोणाले सांगितलं नाही तर कोणाले कळणारही नाही," ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही. माही समता परीक्षेले बसते आहे. उद्या ती पहिली आली अन मागाहून हे निघालं, तर पोरीनं कोणाले तोंड दाखवायचं?"

"मी उद्धव सरांना फोन करते."

उद्धव सर उत्तरपत्रिका आणायला चिखलीला गेले होते. शाळेत मोबाईलला रेंज फक्त व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ. आणि प्रतिमाताईंचा आवाज कसा, तर शेजारच्या टेबलावर ऐकू आला तरी त्यांना ओरडल्यासारखं वाटायचं.

"सर, पेपर मुलांनी पाहिलाय."

"हॅलो? प्रतिमाताई, आवाज येत नाही."

"सर, पेपर पाहिला गेलाय."

"काय गेलंय? मोठ्यानं बोला."

ताईंनी डोळे मिटले. "सर, पेपर फुटला. माझ्यामुळे फुटला. मी मशीन उघडं ठेवून गेले."

नववीच्या वर्गातलं शिकवणं थांबलं. सातवीच्या खिडकीत चार डोकी आली. मैदानाच्या त्या टोकाला झाडू मारणारी बाई झाडू धरून तशीच उभी राहिली.

"किती प्रश्न?" उद्धव सरांनी विचारलं.

"सांगता येत नाही सर. चार दिवस चाललंय. सगळेच धरा."

"तुमच्या घरचं कोणी परीक्षेला आहे?"

"नाही सर."

"तुम्ही कोणत्या वर्गाला शिकवता?"

"मी कुठं शिकवते सर? मी क्लार्क आहे."

"म्हणूनच. शिक्षकांची पोरं बसली आहेत, नाहीतर वर्ग बसले आहेत. मला यायला तीन वाजतील. तोवर पन्नास नवे प्रश्न काढा. तुम्ही एकट्यांनी. चारच्या आत छापायचे आहेत."

"मी? सर, मला प्रश्न काढता येत नाहीत."

"एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे टाईप करताय. कसे असतात ते तर माहीत आहे ना?" आणि रेंज गेली.

साडेबारा वाजले होते. ताई मशीनपुढे येऊन बसल्या. दाराबाहेर गवई सरांनी खुर्ची टाकली, खोलीकडे पाठ केली आणि वह्या तपासायला घेतल्या. कोणी आलं की "आत जायचं नाही" एवढंच म्हणायचे. कोरं पान पडद्यावर उघडलं. त्यावर ती उभी काडी लुकलुकत होती. आता काय?

पुस्तकांतून घ्यावं तर पुस्तकातले प्रश्न सर्वांनी आधीच पाठ केलेले. राजधान्या, नद्या, दिनविशेष, सगळं घासून गुळगुळीत झालेलं. पंधरा मिनिटं गेली आणि पानावर फक्त 'प्रश्न १' होतं. ताईंना एकदम घशाला कोरड पडल्याचं जाणवलं, आणि आठवलं की आज प्रसाद घेतला नाही, पाणीही नाही. आरतीचं तबक डोळ्यांपुढे आलं. तबकातला कापूर. मागच्या महिन्यात डबीचं झाकण उघडं राहिलं होतं आणि आठ दिवसांनी पाहिलं तर वडी निम्मी झालेली. कोणी नेला नाही, वितळला नाही, तर गेला कुठं?

ताईंची बोटं आपोआप चालायला लागली. 'कापराची वडी उघडी ठेवली तर ती न वितळता लहान होत जाते. असे का होते?'

झाला की एक.

मग जणू कोणी दार उघडून दिलं. तांब्याचं ताम्हण चिंचेनं घासलं की का उजळतं? घंटा वाजताना हातानं धरली की आवाज का थांबतो? समईत तेल भरपूर असलं तरी वात नसेल तर का पेटत नाही? साबुदाणा झाडाच्या फळापासून होतो, धान्यापासून होतो, की कंदापासून? चतुर्थीला त्या अंगणात चंद्राची वाट बघत उभ्या राहायच्या. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो हे त्यांना भुकेनं शिकवलं होतं. पंचांगातल्या वेळा ताडून त्यांनी एकदा हिशेबही केला होता, रोज साधारण पन्नास मिनिटं. टाका. शेगावच्या फलाटावर उभं राहून नागपूरकडे जाणारी गाडी धरायची तर गाडीचं तोंड कोणत्या दिशेला? टाका.

पंधराव्या प्रश्नाला त्या थबकल्या. दाराबाहेर गवई सरांची पाठ दिसत होती. समताच्या घरी ताम्हण नाही, समई नाही, संकष्टी नाही. मग हे प्रश्न तिला परके नाही का वाटणार? ताईंनी वर जाऊन पुन्हा वाचायला सुरुवात केली. ताम्हणाचं तांब्याचं भांडं झालं. समईची पणती केली, मग विचार करून कंदील केला. देवळातल्या घंटेच्या जागी शाळेची घंटा आली. चतुर्थी काढली, नुसता चंद्र ठेवला. गंमत अशी की प्रश्न त्यानं काही बिघडले नाहीत. उलट जरा अंग झटकून उभे राहिले.

सव्वीस झाल्यावर नकाशा बघायला वाचनालयात जावं लागणार होतं. ताई अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. "गवई सर, मला दोन मिनिटं उठायचंय. पण हे कुलूप तर दहा मिनिटांनी लागतं. मी इथंच बसून वाट पाहू का?"

"नाही नाही. कीबोर्डावर खाली डावीकडे खिडकीचं चित्र असलेलं बटण दिसते का?" सर पाठमोरेच म्हणाले.

"दिसलं."

"ते दाबून धरा. आता इंग्रजी एल दाबा."

टक्. पान नाहीसं झालं. वेळ नाही, वाट बघणं नाही. पासवर्डाची रिकामी चौकट तेवढी समोर. ताईंनी पासवर्ड टाकला, पान परत आलं. पुन्हा दोन बटणं दाबली. पुन्हा टक्. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.

"ताई, काय चाललंय?" बाहेरून सरांनी विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या, आणि गालातल्या गालात हसत नकाशाकडे पळाल्या. आल्यावर त्यांनी आणखी एक काम केलं. स्क्रीन सेव्हरमधून तसबीर काढून नुसते बुडबुडे लावले आणि वेळ दोन मिनिटांवर आणली.

दोनच्या सुमाराला गोविंदा दाराशी आला. त्याच्या हातात देवळाच्या पायरीवर राहिलेला द्रोण होता. डोळे लाल.

"सर, ताईले एवढं द्या. अन सांगा, मी काही मुद्दाम नाही केलं."

"ऐकू येतंय मला गोविंदा," ताई आतून म्हणाल्या. "तुझी काही चूक नाही. दर्शनाला मीच बोलावल्यासारखं झालं. आता महाराज तिकडं देवळातच भेटतील."

"स्वरदेले म्या आताच सांगून आलो, मोताळा इसरून जाय म्हणून."

"मग?"

"तिच्या अजूनच डोक्यात बसलं ते."

गवई सरांना वहीत तोंड लपवावं लागलं. ताईही हसल्या, आणि द्रोणातला शिरा खाऊन, वरून गटागट पाणी पिऊन एकोणचाळिसाव्या प्रश्नाला लागल्या. तीनला पाच कमी असताना पन्नासाव्या प्रश्नाचं प्रश्नचिन्ह उमटलं. ताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. एवढी वर्षं त्या दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरवत आल्या होत्या. हे पान पहिलंच त्यांचं होतं.

उद्धव सर तीन वाजून बारा मिनिटांनी आले. हेल्मेट न काढताच मशीनपुढे बसले आणि वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. चेहऱ्यावर काही नाही. ताई भिंतीला टेकून उभ्या. घड्याळाचा काटा साडेतीनकडे चाललेला. हा माणूस आता काय म्हणतो यावर एकशे कितीतरी मुलींची उद्याची परीक्षा अवलंबून. पुढच्या वर्षी पहाटे पाचच्या टेम्पोत त्यांना कोण बसवणार?

"कापराचं हे," सर म्हणाले, "कोणत्या पुस्तकातलं आहे?"

"पुस्तकातलं नाही सर. डबीतलं आहे."

सरांनी हेल्मेट काढलं. तेविसाव्या प्रश्नात एक काना जास्त होता तो दाखवला. स्वतः उठून प्रिंटरमध्ये कागदाचा गठ्ठा लावला आणि ताईंना म्हणाले, "चालू करा."

अडीचशे प्रती. यंत्र धडधडत होतं, कागद गरम गरम बाहेर येत होते, ताई मोजत होत्या, सर बांधत होते. दोनशे सदतीस झाल्या तेव्हा दिवा एकदा मिणमिणला. दोघांनी वर पाहिलं. दिवा टिकला. दोनशे पन्नासावा कागद पडला आणि चार मिनिटांनी पंखा हळूहळू थांबला.

शनिवारी सकाळी साडेसातला शाळेचं मैदान भरून गेलं. पायी आलेली पोरं, सायकलवर डबलसीट आलेल्या मुली, आजोबांच्या बैलगाडीतून उतरलेल्या तिघी बहिणी. घंटा झाली, पेपर वाटले गेले आणि पाचएक मिनिटांनी ताईंनी खिडकीतून पाहिलं. एरवी पोरं पेपर हातात पडला की लिहायला लागतात. आज डोकी वर होती. कोणी छताकडे बघत होतं, कोणी बोटांवर चंद्राची मिनिटं मोजत होतं, एका मुलीनं कंपासपेटीवर पेन आपटून ती हातानं धरली आणि कान लावून ऐकलं. स्वरदानं दोन्ही पानं उलटून पालटून पाहिली. नळगंगा कुठंच नव्हती. तिनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि बाह्या सावरून पहिल्या प्रश्नाला लागली.

परीक्षा संपल्यावर दहा शाळांचे मुख्याध्यापक ऑफिसात चहाला बसले. उद्धव सरांनी कप खाली ठेवला आणि काही न झाकता सगळं सांगितलं. उघडं मशीन, बाकावरची माणसं, रद्द केलेले पन्नास प्रश्न, तीन तासांत काढलेले नवे पन्नास. प्रतिमाताई दाराशी उभ्या होत्या.

त्यांतले सर्वांत ज्येष्ठ, जाड मिशांचे गृहस्थ, चिखलीलाच परीक्षा राहावी म्हणून मागच्या बैठकीत भांडलेले, त्यांनी हातातला पेपर उचलला. "म्हणजे पेपर फुटला होता."

"हो," उद्धव सर म्हणाले. "तो पेपर फुटला. हा नाही."

"हा कोणी काढला?"

"या ताईंनी."

मिशांचे गृहस्थ ताईंकडे वळले. "बाई, मी सत्तावन्न वर्षांचा आहे. दर एकादशीले साबुदाणा खातो. तो झाडाले लागते, असं आमची माय सांगे."

"कंद असतो सर. रताळ्यासारखा, जमिनीत. त्याचं सत्त्व काढून गोळ्या करतात." ताईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण आज दहाही जण ऐकायला पुढं झुकले.

"नाही नाही, झाडाच्या खोडातून काढतात, मी वाचलंय," दुसरे एक जण म्हणाले.

"तो दुसऱ्या देशात. आपल्याकडचा कंदाचाच," तिसरे म्हणाले. "अन चंद्राचे पन्नास मिनिटं कसे?"

"थांबा हो, आधी साबुदाण्याचं होऊ द्या."

पाच मिनिटांत अशी काही जुंपली की चहा गार झाला. कोणी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला फोन लावला, कोणी प्रयोगशाळेतून कापूर मागवला. शेवटी मिशांच्या गृहस्थांनी हात वर केला.

"हे पाहा. आमच्या शाळेतून मागच्या वर्षी चार पोरी आल्या होत्या. आज एकोणीस. सगळ्या मिळून किती आहेत?"

"एकशे चौदा," ताईंनी न बघता सांगितलं.

ते थोडा वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले. मग बैठकीचा कागद ओढून त्यांनी 'पुढील वर्षाचे केंद्र' या ओळीपुढं याच शाळेचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवला. "पेपर यायनंच काढावा. फक्त बाई, मशीन बंद करून जात जा."

"बंद नाही सर, कुलूप," प्रतिमाताई म्हणाल्या. "दोन बटणं आहेत. दाखवू का?"

आणि कोणी हो म्हणायच्या आत त्या खुर्चीत जाऊन बसल्या. दहा मुख्याध्यापक चहाचे कप हातात घेऊन त्यांच्या पाठीमागे उभे राहिले. बाहेर मैदानात समता आणि स्वरदा कापूर उडतो की विरतो यावर तावातावानं भांडत होत्या, आणि दुसऱ्या गावच्या मुली घराची वाट सोडून ते भांडण ऐकायला थांबल्या होत्या.